मायकोरायझा दरवर्षी टाकूनही पिकात फरक का दिसत नाही? कारण शोधण्याची रीत

कांदा, द्राक्ष, डाळिंब आणि केळी लावणाऱ्या शेतकऱ्यांकडून दर हंगामात एक तक्रार हमखास ऐकू येते. मायकोरायझा एकरी चार किलो टाकला, पुढच्या वर्षी पुन्हा टाकला, तिसऱ्या वर्षी कंपनी बदलून पाहिली, पण टाकलेल्या आणि न टाकलेल्या पट्ट्यांत डोळ्यांना कळेल असा फरक काही पडला नाही. यावरून काही जण हे सगळे थोतांड आहे असे ठरवून मोकळे होतात, तर काही जण मात्रा दुप्पट करतात. माझ्या मते दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. मायकोरायझा हे खत नव्हे. ते बुरशी आणि मूळ यांचे सहजीवन आहे, आणि हे सहजीवन जुळले की नाही हे पानांच्या काळोखीवरून कळत नाही. त्यासाठी मूळच पाहावे लागते. ते पाहण्याची सोपी पद्धत पुढे दिली आहे. ती केल्याशिवाय पुढच्या हंगामाचे पाकीट विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेमके काय जुळायला हवे

मातीतला स्फुरद जागचा फारसा हलत नाही. भारी काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो चुन्याशी बांधला जातो आणि कोकणातल्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियमशी. पिकाची पांढरी मुळी आपल्या भोवतीच्या एक-दोन मिलिमीटर मातीतला विरघळलेला स्फुरद थोड्याच दिवसांत ओढून घेते, आणि मग मुळीभोवती एक रिकामे वेष्टन तयार होते. मायकोरायझाच्या बुरशीचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मुळावरच्या लवेपेक्षाही बारीक असतात. ते हे रिकामे वेष्टन ओलांडून कित्येक सेंटीमीटर पुढे जातात आणि तिथला स्फुरद व जस्त मुळापर्यंत आणून पोहोचवतात. ही बुरशी स्फुरद विरघळवते असा एक समज आहे, परंतु तिचे मुख्य काम विरघळवण्याचे नसून वाहून आणण्याचे आहे. विरघळवणारे जिवाणू वेगळे असतात आणि त्यांची पाकिटेही वेगळी मिळतात.

या वाहतुकीचे मोल पीक साखर आणि स्निग्धाम्लांच्या रूपाने चुकवते. पानांत तयार झालेल्या अन्नापैकी चार ते वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा या बुरशीकडे जाऊ शकतो, असे वेगवेगळ्या प्रयोगांत मोजले गेले आहे. एवढा खर्च पीक विनाकारण करत नाही, ही गोष्ट पुढची बहुतेक कारणे समजून घेताना ध्यानात ठेवावी.

पहिली पायरी: मूळ रंगवून पाहणे

मुळातील बुरशी रंगवण्याची ट्रायपॅन ब्ल्यूची पद्धत १९७० पासून प्रयोगशाळांत रूढ आहे, पण ते रसायन विषारी असल्याने घरी वापरू नये. १९९८ मध्ये शाई आणि व्हिनेगरची एक साधी पद्धत प्रसिद्ध झाली आणि ती शेतकऱ्याला सहज जमण्यासारखी आहे.

कांद्याची चाळीस दिवसांची दहा-बारा रोपे वाफशावर असताना खुरप्याने मातीसकट उचलावीत. ती उपटू नयेत, कारण उपटल्यावर बारीक मुळ्या मातीतच राहतात आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवून त्यांचे एक-एक सेंटीमीटरचे पन्नास तुकडे करावेत. शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवून त्यात हे तुकडे ठेवावेत आणि ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. हे द्रावण कातडी जाळणारे आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. मुळ्या पारदर्शक झाल्या की त्या तीन-चार पाण्यांनी धुवून, ९५ मिलिलिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ मिलिलिटर काळी शाई घालून केलेल्या मिश्रणात तीन मिनिटे उकळाव्यात. शाई फाउंटन पेनची घ्यावी. चित्रकलेची किंवा शिक्क्याची शाई चालत नाही, आणि पेनाच्या शाईचाही प्रत्येक प्रकार सारखा रंग धरतोच असे नाही. शेवटी थोडे व्हिनेगर घातलेल्या साध्या पाण्यात वीस मिनिटे ठेवले की जादा रंग निघून जातो.

सूक्ष्मदर्शकाखाली शंभर ते चारशे पट मोठे करून पाहिले असता, सहजीवन जुळलेले असेल तर मुळाच्या फिकट पेशींमधून शाईच्या रंगाचे धागे आडवे-उभे गेलेले दिसतात. काही पेशींच्या आत त्या धाग्यांना इतक्या बारीक फांद्या फुटलेल्या असतात की निष्पर्ण झाडच पेशीत उभे केल्यासारखे वाटते. देवाणघेवाण होते ती या चिमुकल्या झाडांमध्येच. त्यांचे आयुष्य काही दिवसांचेच असते. जुनी विरतात आणि शेजारच्या पेशीत नवी उभी राहतात. कुठे कुठे अंडाकृती फुगवटेही दिसतात, ते बुरशीचे अन्न साठवण्याचे कोठार होय. पन्नासपैकी किती तुकड्यांत अशा खुणा आहेत ते मोजून वहीत लिहावे.

ही तपासणी एका जागेच्या मुळांवर करून थांबू नये. मायकोरायझा टाकलेला पट्टा, न टाकलेला पट्टा आणि त्याच शेताच्या बांधावरचे गवत अशा तीन ठिकाणची मुळे घ्यावीत, कारण खरा उलगडा तुलनेतूनच होतो. तिन्ही ठिकाणी भरपूर खुणा सापडल्या, तर तुमच्या जमिनीत ही बुरशी मुळातच आहे आणि पाकिटाची गरजच नव्हती. बांधावर खुणा आहेत पण शेतातल्या दोन्ही पट्ट्यांत नाहीत, असे असेल तर शेतातले काहीतरी हे नाते जुळू देत नाही. टाकलेल्या पट्ट्यात खुणा आहेत आणि न टाकलेल्यात नाहीत, तरीही पीक सारखेच, असे दिसले तर बुरशी आली आहे पण पिकाला तिची गरज पडलेली नाही. माझ्या पाहण्यातली बहुसंख्य प्रकरणे पहिल्या दोन गटांतली आहेत.

सर्वांत मोठे कारण: स्फुरदाची रेलचेल

दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या कांद्याच्या रोपवाटिकेत हेच घडले. गादीवाफ्यात मायकोरायझा बियाण्याखाली ओळीने घातला होता, वाफसा चांगला होता, रोपे टवटवीत होती. चाळीसाव्या दिवशी मुळे रंगवली तेव्हा पन्नास तुकड्यांपैकी जेमतेम तीन तुकड्यांत धागे दिसले, आणि त्याच वाफ्याच्या कडेला उगवलेल्या हरळीच्या मुळांत मात्र जवळजवळ प्रत्येक तुकडा भरलेला होता. बुरशी एका वीतभर अंतरावर जिवंत होती. मग खतांचे हिशेब काढले. वाफा तयार करताना सिंगल सुपर फॉस्फेट, पेरणीनंतर १८:४६, आणि वर दोनदा १२:६१:०० ची आळवणी, असा स्फुरदाचा मारा मी स्वतःच केला होता. वाफ्यातल्या रोपांनी त्या बुरशीसाठी दार उघडलेच नव्हते.

यामागची रासायनिक बाजू फार मनोवेधक आहे. स्फुरदाची चणचण असताना पिकाची मुळे मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये अत्यल्प प्रमाणात सोडतात. ज्वारीवर आणि उसावर येणारा टारफुला ज्या संकेतावर उगवतो, तोच हा संकेत; आणि त्या द्रव्यांना नावही टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरूनच मिळाले आहे. १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून ते प्रथम वेगळे काढले गेले, तेव्हा पीक स्वतःच्या शत्रूला आमंत्रण का देते हे कोडे होते. त्याचा उलगडा २००५ मध्ये जपानी संशोधकांनी केला: हे आमंत्रण टारफुल्याला नसून मायकोरायझाला आहे, कारण याच द्रव्यामुळे बुरशीच्या तंतूंना मुळाजवळ भराभर फांद्या फुटतात. टारफुला त्या हाकेचा गैरफायदा घेतो. पिकाला स्फुरद भरपूर मिळू लागला की ही हाक मंदावते, आणि मग मुळाशेजारी कितीही बीजाणू टाकले तरी त्यांना मूळ जवळ असल्याची वर्दीच मिळत नाही.

म्हणून माती परीक्षणाच्या अहवालातील उपलब्ध स्फुरदाचा रकाना आधी पाहावा. तिथे ‘जास्त’ किंवा ‘खूप जास्त’ अशी नोंद असेल, आणि वर्षानुवर्षे ठिबकातून १२:६१:०० किंवा ००:५२:३४ सोडलेल्या द्राक्षबागांत ती बहुधा असतेच, तर मायकोरायझावर खर्च करण्याआधी स्फुरदाची मात्रा कमी करणे हाच उपाय आहे. ती एकदम शून्यावर आणू नये. कृषी विद्यापीठाची शिफारस आणि माती परीक्षण यांच्या मेळाने टप्प्याटप्प्याने उतरवावी. शेणखत आणि कंपोस्ट यांतला स्फुरद हळूहळू मोकळा होतो, त्यामुळे त्यांची अडचण सहसा येत नाही. कोंबडीखताचे मात्र तसे नाही, त्यात स्फुरद भरपूर असतो आणि तो हिशेबात धरावाच लागतो.

टाकण्याची जागा चुकणे

हे बीजाणू चालत मुळापर्यंत येत नाहीत. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूही शकत नाही, त्यामुळे जिवाणू खतांसारखी ती गुळाच्या पाण्यात भिजत घालून ‘वाढवता’ येत नाही. गूळ-बेसनाच्या ड्रममध्ये पाकीट टाकून आठवडाभर ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाहिली; त्यात इतर सूक्ष्मजीव वाढतात, मायकोरायझा वाढत नाही.

ठिबकातून सोडण्याबद्दलही सांगायला हवे. १२० मेशच्या गाळणीतून साधारण १३० मायक्रॉनपर्यंतचे कण जातात. या बुरशीचे बीजाणू जातीनुसार चाळीसपासून चारशे मायक्रॉनपर्यंत असतात आणि पाकिटात बीजाणूंबरोबर मुळांचे तुकडेही असतात. मोठे कण गाळणीत अडकतात आणि गाळणी धुताना बांधावर जातात. जे पुढे जातात तेही भारी मातीच्या वरच्या थरातच थांबतात. बागेला द्यायचेच असेल तर बोदावर पांढऱ्या मुळीच्या पट्ट्यात चार-सहा ठिकाणी खड्डे घेऊन, मुळी उघडी दिसेपर्यंत माती बाजूला सारून तिथेच द्यावे.

मात्रेचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा पाकिटात प्रतिग्रॅम शंभर जिवंत घटक आहेत. चार किलोंत चार लाख झाले. ते एकरभर, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरवर फेकले तर एका चौरस मीटरला शंभरच्या आसपास येतात. आणि एका चौरस मीटरवरच्या वीतभर खोल मातीचे वजन दोनशे किलोंच्या घरात जाते. दोन किलो मातीत एक बीजाणू मुळाला कसा भेटणार? याउलट एकर कांद्याची रोपे चार गुंठे वाफ्यात तयार होतात. तेच चार किलो त्या वाफ्यात बियाण्याखाली दिले तर दहापट दाट पडतात आणि प्रत्येक रोप लागवडीला जाताना बुरशी मुळात घेऊनच जाते. कांद्याची मुळे जाड, कमी फांद्यांची आणि जवळजवळ बिनलवेची असल्याने हे पीक या सहजीवनावर पुष्कळच अवलंबून असते, त्यामुळे रोपवाटिकेत केलेल्या खर्चाचा मोबदला इथे खरोखर मिळू शकतो.

बुरशीनाशके, तांबे आणि खोडावरचे दगडफूल

रोपे कोलमडू लागली की कार्बेन्डाझिमची आळवणी करण्याचा प्रघात आहे. संशोधकांना जेव्हा मायकोरायझा नसलेले पीक तुलनेसाठी हवे असते, तेव्हा ते बेनोमिल नावाचे बुरशीनाशक जमिनीत देतात, आणि बेनोमिलचे मातीत रूपांतर होते ते कार्बेन्डाझिममध्येच. एका हाताने बुरशी पेरून दुसऱ्या हाताने तिचे औषध द्यायचे, असा हा प्रकार होतो. मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटाइल ॲल्युमिनियम यांचा मायकोरायझावर तसा घातक परिणाम सहसा दिसलेला नाही, कारण ती ज्या पाणबुरशीवर चालतात ती कुळाने वेगळी आहे. म्हणून कोलमड नेमकी कशाची आहे हे आधी तपासून घ्यावे आणि मगच औषध निवडावे. बीजप्रक्रियेची मात्रा अल्प असल्याने तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. खरा धोका आळवणीचा आहे.

तांब्याचा प्रश्न मात्र अधिक चिवट आहे, कारण तांबे मातीतून निघून जात नाही, साठत राहते. इथे एका वेगळ्या सहजीवनाचा विषय येतो. कोकणातल्या आंबा, काजू आणि सुपारीच्या बागांत खोडावर करड्या-हिरवट पापुद्र्यांचे डाग पडतात. हा रोग आहे असे समजून ते खरवडले जातात आणि त्यावर मोरचूद-चुन्याचे मिश्रण पुन्हा पुन्हा फवारले जाते. वास्तविक तो शैवाल आणि बुरशी यांचा एकत्र संसार आहे, आणि आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले. शैवाल उन्हात अन्न तयार करते, बुरशी त्याला निवारा आणि ओल देते. झाडातून दोघेही काही घेत नाहीत, त्यांना मुळेच नसतात. फांद्या विरळ झाल्यामुळे खोडावर ऊन येते आणि म्हणून अशक्त झाडावर ते अधिक दिसतात. झाड त्यांच्यामुळे अशक्त होत नाही. त्यांच्यासाठी फवारलेले तांबे पावसाबरोबर खोडावरून ओघळून नेमके मुळांच्या परिघात उतरते. निरुपद्रवी सोबत्याला घालवण्याच्या नादात जमिनीतला उपकारक सोबती दुखावतो. योगायोगाची गोष्ट अशी की या दोन्ही सोबतींना ओळख मिळवून देण्यात एकाच माणसाचा हात आहे. दगडफुलासारखे जीव हे दोघांचे मिळून बनलेले असतात असे श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले; त्यावर काम करताना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८७७ मध्ये सहजीवन या अर्थाचा शब्द वापरला, आणि पुढे त्यांनीच १८८५ मध्ये झाडांच्या मुळांवरच्या बुरशीला मायकोरायझा हे नाव दिले.

पीकच या नात्यातले नसणे

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट आणि राजगिरा ही पिके हे सहजीवन जवळजवळ करतच नाहीत. त्यांना मायकोरायझा देणे म्हणजे पैसे वाया घालवणे. शिवाय कोबीवर कोबी घेतलेल्या रानात बुरशीला आसरा न मिळाल्याने तिची संख्या घटते, त्यामुळे तिथे पुढच्या कांद्याला किंवा मक्याला खरोखरच उपासमार जाणवू शकते. अशा फेरपालटात मध्ये एखादे कडधान्य, ज्वारी किंवा बाजरी घेतली तर बुरशी सावरते.

जमिनीचा पूर्वेतिहास

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा काळ्या मातीचा पट्टा आहे; तिथली माती आपल्या रेगूर मातीच्याच जातीची, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिथे ओल साठवण्यासाठी जमीन वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ स्वच्छ पड ठेवली की पुढचे पीक खुरटे आणि स्फुरद-जस्ताच्या कमतरतेची लक्षणे दाखवत येई, जणू विश्रांतीनेच जमीन बिघडली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कारण स्पष्ट झाले: तणसुद्धा न राहिल्याने बुरशीला जिवंत मूळ मिळेना आणि तिची संख्या घसरली. आपल्याकडे पोकलेनने सपाटीकरण करून वरची वीतभर माती काढली गेलेली रानेही अशीच वागतात. सतत रोटाव्हेटर फिरवल्याने तंतूंचे जाळे तुटते. भाताच्या चिखलणीत आणि साचलेल्या पाण्यात हवेअभावी ते टिकत नाही. सपाटीकरण केलेल्या किंवा दीर्घकाळ उघड्या पडलेल्या रानात पाकिटाचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि तिथे ज्वारीचे किंवा तागाचे एक पीक आधी घेतल्यास तो आणखी वाढतो.

निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकाही याच वर्गात येतात. अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपवाटिकांची माती धुरी देऊन निर्जंतुक केल्यावर रोपे निरोगी होण्याऐवजी खुजी आणि पिवळी राहत, आणि त्याचे कारण मायकोरायझा मेल्याचे १९७२ मध्ये दाखवून दिले गेले. संत्र्यासाठी जंबेरीचे खुंट तयार करणाऱ्यांनी, मातीचे सूर्यतापन करत असल्यास, त्यानंतर मायकोरायझा अवश्य द्यावा. ऊतीसंवर्धित केळीची रोपे तर काचेच्या बाटलीतून येतात. त्यांच्या मुळांना ही बुरशी कधी भेटलेलीच नसते. ती शेतात लावल्यावर नव्हे, तर दुसऱ्या टप्प्यात पिशवीत भरताना द्यावी. कोकोपीटच्या ट्रेमधली भाजीची रोपेही कोरीच असतात.

पाकिटाची तपासणी

प्रतिग्रॅम जिवंत घटकांची संख्या, उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली नसेल तर ते घेऊ नये. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेला माल मुदतीत असूनही निकामी असू शकतो. शंका असल्यास कुंडीत पाण्यात उकळून गार केलेली माती भरावी, त्यात चिमूटभर मायकोरायझा घालून मका पेरावा आणि पाच-सहा आठवड्यांनी मुळे रंगवावीत. शेजारी मायकोरायझा न घातलेली एक कुंडीही ठेवावी.

पुढच्या हंगामात

माझ्या वाफ्यात मी पुढच्या वर्षी १८:४६ आणि दोन्ही आळवण्या बंद केल्या, सुपर फॉस्फेट निम्म्यावर आणले आणि वाफ्याचे दोरी बांधून चार भाग केले: दोन मायकोरायझासह, दोन त्याविना. चाळीसाव्या दिवशी मायकोरायझासह असलेल्या भागांत पन्नासपैकी एकतीस आणि अठ्ठावीस तुकड्यांत धागे होते, तर उरलेल्या दोन भागांत एकोणीस आणि बावीस. म्हणजे पाकिटाने भर घातली हे खरे, पण त्याहून मोठी भर स्फुरद आवरल्यामुळे, जमिनीत आधीपासून असलेल्या बुरशीनेच घातली. चारही भागांतली रोपे मी वेगवेगळ्या खुंट्या मारून शेजारी शेजारी लावली आहेत, आणि काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याचे वजन वेगळे करणार आहे. ज्यांना आपल्या रानाचा निर्णय करायचा आहे त्यांनी निदान एक पट्टा कोरा सोडावा, पहिली मुळे चाळीसाव्या दिवशी रंगवावीत, आणि स्फुरदाची प्रत्येक मात्रा, ठिबकातली सुद्धा, तारखेसह लिहून ठेवावी.